पाण्यापलीकडची मंजुळा

मंजुळा आणि मी लालबागला एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. तिच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत. तिची आई ती लहान असतानाच वारली. वडील धोंडूमामा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. ते दुसऱ्या पाळीला गेले की मंजुळा आमच्याकडे जेवायची, आणि माझी आई कमलाबाई आम्हा दोघींच्या वेण्या एकीनंतर एक घालायची.

मे महिन्यात आमची चाळ निम्मी रिकामी व्हायची. कुणी कोकणात जाई, कुणी घाटावर. मंजुळा कुठे जायची नाही. धोंडूमामांचं गाव साताऱ्याकडच्या धरणात गेलं होतं. भावकीला सरकारनं कुठेतरी लांब जमिनी दिल्या होत्या, तिकडे ते कधी फिरकले नाहीत. शाळेत बाईंनी गाव विचारलं की मंजुळा सांगायची, "लालबाग." बाई म्हणायच्या, ते नव्हे, मूळ गाव. ती म्हणायची, "तेच."

तिला माणसं लागायची. सातवीनंतर शाळा सुटली तशी ती मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला जाऊ लागली. घरात तिच्या कमाईची फार गरज होती असं नाही. तिथं दहा बायका गोल करून बसायच्या आणि दिवसभर बोलायच्या, तेवढ्यासाठी ती जायची. संध्याकाळी लाल बोटांनी आमच्या दारात उभी राहून सगळ्या बायकांच्या नकला करून दाखवायची. माझी आई हसून हसून पदरानं डोळे पुसायची.

तिला दिलं ते करंजोशीच्या उत्तम संकपाळला. उत्तमही धोंडूमामांच्याच खात्यात होता. करंजोशी जावळीच्या डोंगरातलं, त्याच धरणाच्या काठचं. मूळ गाव पाण्याखाली गेलं तेव्हा बरीच घरं सरकारनं दिलेल्या ठिकाणी निघून गेली. जी हटून बसली ती वर डोंगराच्या अंगाला चढली. वर नाचणीशिवाय फारसं काही पिकत नव्हतं, म्हणून पुरुष मुंबईला आले. लालबागला त्यांच्या गावाची एक मोठी खोली होती, सगळे तिला गाळा म्हणायचे. गावात नव्हते तेवढे करंजोशीचे पुरुष त्या एका गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचे. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी, एवढाच संसार.

उत्तम उंच, सडपातळ, कमी बोलणारा. मंजुळा दोघांचं बोलायची. धोंडूमामा एकटे होते, म्हणून लग्नानंतर उत्तम गाळा सोडून त्यांच्याच खोलीत राहायला आला. मंजुळाचं सासर आणि माहेर एकच झालं. पुढे सुनेत्रा झाली. मी तोपर्यंत परळच्या एका इस्पितळात नर्स म्हणून लागले होते. माझं लग्न काही झालं नाही. ड्यूटीवरून आले की आधी भिंतीपलीकडे डोकावायचं आणि सुनेत्राला उचलून आणायचं, हा माझा नेम होता.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही दिवस सुट्टीसारखे गेले. गॅलरीत पुरुष दिसायला लागले, पत्त्यांचे डाव पडले. उत्तम आणि धोंडूमामा सासरा-जावई एकाच मोर्चातून घरी यायचे. उन्हाळा लागला तसे पत्ते बंद झाले. घराघरांतून बायका-पोरांना गावी पाठवायला सुरुवात झाली.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. उत्तम सांगत होता, "पावसाळ्यापुरतं जा. आईकडं नाचणी आहे, थोडं भात आहे. मिल चालू झाली की आणायला येतो."

"आणि तुम्ही?"

"मी आणि मामा बघून घेऊ. गाळ्यात जेवायची सोय आहे."

"सुनेत्राची शाळा?"

"तिकडं चौथीपर्यंत आहे."

मंजुळानं गाव पाहिलं होतं ते जत्रेला, दोन-चार दिवस, गजबजलेलं. ती गॅलरीत येऊन मला म्हणाली, "जाऊन येते गं. महिना-दोन महिने. तेवढ्यात काय होतंय." तिनं हंडा, परात काही नेलं नाही. सगळं इथंच तर लागणार होतं. सुनेत्राचं दप्तर तेवढं घेतलं.

परळहून एसटीनं सातारा, तिथून दुसरी गाडी डोंगर चढून काठापर्यंत, आणि पुढे लाँच. लाँच ज्या गावाला लागते तिथून वर चढण. करंजोशीत पंधरा-वीस घरं, आणि बहुतेकांना कुलपं. जत्रेत उघडी दिसलेली दारं ती हीच, हे तिला पहिल्या दिवशी ओळखूच आलं नाही. उत्तमची आई काशीबाई, दोन-तीन म्हाताऱ्या, एक शाळामास्तर, गंगुबाई नावाची शेजारीण आणि तिची सून, एवढीच माणसं. खाली नजर जाईल तिथवर पाणी, पलीकडे डोंगर, आणि मध्ये काहीच नाही.

"पाण्याची भीती नाही वाटली," तिनं मला नंतर सांगितलं. "आपण वरळीला समुद्र बघितलाय. पण दारात उभं राहून मोठ्यानं बोललं तर कुणी 'ओ' देत नाही. मला वाटायचं, आपल्याला ऐकायला कमी येतंय की काय."

काशीबाई तुटक बाई होती. सुनेला हातानं काही येत नाही हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. मंजुळाला चुलीवर भाकरी थापता यायची नाही, शेणाला हात लावता यायचा नाही. पण काशीबाई कधी बोलली नाही. जे येत नाही ते ती गुपचूप स्वतः करायची, आणि सुनेनं बघावं एवढ्या सावकाश करायची. होडीही तिनंच शिकवली. पावसात लाँच बंद असायची, आणि मिठापासून औषधापर्यंत सगळं पलीकडे. काशीबाईकडे लाकडी होडी होती, नवऱ्याच्या वेळची.

"वल्हं पाण्याला मारू नगंस," ती मंजुळाला म्हणायची. "लाव. मग पानी आपनहून ढकलतंय."

वर्षाच्या आत मंजुळा एकटी पलीकडे जाऊन यायला लागली. एका श्रावणात गंगुबाईच्या सुनेचे दिवस भरले, आणि बाळ आडवं आलेलं. काशीबाईचा हात तेव्हा दुखावलेला होता. मंजुळानं त्या बाईला होडीत निजवलं, गंगुबाईला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसवलं आणि वाऱ्याच्या तोंडाला होडी घातली. पलीकडून बैलगाडी, मग जीप. बाळ-बाळंतीण दोघं वाचली. तेव्हापासून गावात तिला 'मुंबईची' म्हणायचं बंद झालं. तिला त्याचं काही वाटलं नाही. 'मुंबईची' म्हटलेलंच तिला आवडायचं.

इकडे संप मिटला असं आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले. उत्तमच्या गिरणीचा वाजला नाही. दुसऱ्या वर्षी धोंडूमामा वारले. आजार असा काही नव्हता. रोज सकाळी गिरणीच्या गेटापर्यंत जाऊन यायचे, एके दिवशी आले आणि भिंतीला टेकून बसले ते बसलेच.

मंजुळा तेव्हा आली. तेरावं झालं आणि तिनं उत्तमला सांगितलं, "मी आता जात नाही."

 तो म्हणाला, "नको जाऊ. पण सुनेत्राला काय खायला घालायचं ते सांग."

तिनं मसाल्याच्या दुकानात विचारलं. तिथं संपातल्या घरांच्या इतक्या बायका येऊन बसत होत्या की मालक तोंड चुकवून दाराआड उभा राहायचा. दोन घरची भांडी मिळाली, पण त्यात तिघांचं भागेना. आठवड्यानं ती परत गेली. खोलीची भाडेपावती उत्तमच्या नावावर झाली, कारण धोंडूमामांना मुलगा नव्हता. त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं तिला दर महिन्याला मनीऑर्डर जायची. सोबतच्या ओळीत उत्तम लिहायचा, काम मिळालं आहे, मिलचंही जमेलसं दिसतं. तिनं तेवढ्यावर नाचणीची दोन शेतं पुन्हा उभी केली आणि एक म्हैस घेतली. दिवाळीला तो जाऊन यायचा. होडीत बसायचा तेव्हा पाण्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसायचा, असं तिनं एकदा मला हसत सांगितलं होतं.

शहाऐंशीच्या जूनमध्ये सुनेत्रा चौथी पास झाली. करंजोशीत पुढची शाळा नव्हती. मंजुळानं पत्र पाठवत बसण्यापेक्षा सरळ मुलीला घेतलं आणि लालबाग गाठलं. आता परतायचं नाही, असं ठरवूनच ती निघाली होती. काशीबाईनंच तिला सांगितलं होतं, "जा. माझं मी बगते. पोरीचं बग."

ती जिना चढून आली तेव्हा दुपार होती. खोलीच्या दाराला निळा पडदा होता. तिनं पडदा सारला. आत एक अनोळखी बाई तांदूळ निवडत होती.

"कोण पाहिजे?" त्या बाईनं विचारलं.

मंजुळा म्हणाली, "ही आमची खोली."

बाई गोंधळली. उठून तिनं पाणी आणून दिलं. म्हणाली, "संकपाळ ना? ते तर गेले, दोन वर्षं होऊन गेली. आम्ही पागडी देऊन घेतली हो त्यांच्याकडनं, सगळं रीतसर."

माझी आई आवाज ऐकून बाहेर आली. उत्तमनं आम्हाला सांगितलं होतं की मंजुळाला विचारूनच देतोय. तिला ठाऊक नाही हे आईला तिथं, त्या दारात कळलं. आईनं तिला हाताला धरून आमच्याकडे आणलं. सुनेत्रा मागोमाग आली आणि तिनं विचारलं, "आई, आपली खोली कुठंय?" मंजुळानं तिला जवळ घेतलं.

मी गाळ्यावर निरोप धाडला. उत्तम तेव्हा वरळीला एका इमारतीवर वॉचमन होता आणि पुन्हा गाळ्यात राहत होता. दिवे लागायच्या सुमाराला तो खाकी कपड्यांतच आला. आमच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आईनं आत बोलावलं तरी येईना.

"माझ्या बापाची खोली होती ती," मंजुळा म्हणाली.

"हो."

"मला विचारायचं होतं."

"तू दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"मग तिकडं खाल्लं काय असतं तुम्ही?"

दर महिन्याची मनीऑर्डर कुठून येत होती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी तिकडं बसून माझीच खोली खाल्ली."

मग तीच म्हणाली, "आता तुम्ही चला. तिघं तिकडंच राहू. तुमचंच गाव आहे."

"मिलचा निकाल लागू दे," तो म्हणाला. "गेटावर नाव आहे माझं. गेलो तर कापतील."

गिरणी बंद होऊन चार वर्षं झाली होती. गेटावर गवत वाढलं होतं. तरी त्या वेळी आमच्यापैकी कुणी त्याला हसलं नाही, कारण चाळीतल्या निम्म्या घरांत हेच वाक्य बोललं जात होतं.

सुनेत्राचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. आई म्हणाली, "ती इथं राहील. तू माझ्या पोरीसारखीच वाढलीस, तुझी पोरगी मला जड नाही." मंजुळानं दोन दिवस विचार केला. मग मुलीला आमच्या शाळेत घातलं, तिच्या दोन वेण्या घातल्या, आणि साताऱ्याची गाडी धरली. मी पोचवायला गेले होते. गाडी लागेपर्यंत ती एकसारखी बोलत होती. सुनेत्राला दूध आवडत नाही, थंडीत तिला खोकला होतो, डोक्याला तेल कुठलं लावायचं. गाडी सुटल्यावर मला दिसलं, की खिडकीत बसल्यावरही तिचे ओठ हलतच होते.

त्यानंतर तिनं उत्तमला पुन्हा कधी 'चला' म्हटलं नाही. भांडणही केलं नाही. तो जत्रेला जायचा, मग एक वर्षाआड, मग काशीबाई वारली तेव्हा गेला आणि तेराव्याचं जेवण उरकताच पहिल्या लाँचनं परतला. घरात मंजुळा एकटी राहिली. सुनेत्रा सुट्टीत जायची, पण ती आता लालबागची मुलगी झाली होती. तिकडे गेली की चार दिवसांत कंटाळायची. मंजुळा तिला कधी रागावली नाही. मला मात्र एकदा म्हणाली, "माझ्यावरच गेलीय. तिला काय बोलू?"

सत्त्याण्णव साली एक वेगळीच गोष्ट झाली. करंजोशी आणि आसपासच्या वाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत होती. पंचायत मोठी, माणसं मूठभर. त्या वेळी सरपंचपद बाईसाठी आलं. मंजुळा निवडणुकीला उभी राहिली, आणि समोर वरच्या वाडीची सुंदराबाई. आता मतं मागायची तर मतदार कुठे होते? मतदार लालबाग-परळला होते. यादीत नाव गावचं, माणूस गाळ्यात. मतदानाच्या दिवशी ट्रक भरून जाणार आणि बोटाला शाई लावून संध्याकाळी परतणार. म्हणून उमेदवारांना मुंबईला यावं लागलं.

मंजुळा आली ती आमच्याकडेच उतरली. रविवारी सकाळी गाळ्यात बैठक होती. मी सोबत गेले. गाळ्याच्या भिंतीला अजून ट्रंका होत्या, पण त्यातल्या पुष्कळांचे मालक परत येणार नव्हते. पंचवीस-तीस जण बसलेले, बरेचसे पिकलेले. मागे दाराशी उत्तम होता. बाई गाळ्यात येऊन बोलतेय हे त्यांना नवीन होतं. तिनं फार काही सांगितलं नाही. पावसात लाँच चालू ठेवायची, नर्सबाई गावात राहील अशी खोली बांधायची, आणि सहलीला येणाऱ्या लोकांसाठी होड्या ठेवायच्या, म्हणजे दोन पोरं तरी गावात टिकतील.

एकानं विचारलं, "बाई, तुमी तर मूळच्या हितल्याच. तुमाला गावाचं काय पडलंय?"

एरवी कुणालाही उत्तर देणारी मंजुळा, पण तिला शब्द सुचेना. तेव्हा उत्तम मागून उठला. मी त्याला चार माणसांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ती तिथं राहते," तो म्हणाला. "आपण राहत नाही. तिला मत द्या."

एवढंच बोलून तो बाहेर गेला. बैठक संपल्यावर मंजुळानं त्याला जिन्याखाली शोधलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. तो सापडला नाही. ती निवडून आली.

तिनं सांगितलेलं बहुतेक केलं. नर्सबाईची खोली झाली. लाँच पावसातही दिवसाआड यायला लागली. जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालून तिनं काठावर बोट क्लब आणला. हळूहळू शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं यायला लागली. काठावर रंगीत तंबू लागले, प्लास्टिकच्या लांबट होड्या आल्या, कुणी डोंगर चढायला, कुणी मासे धरायला, कुणी नुसतंच पाण्याकडे बघत बसायला. मंजुळा त्यांचं जेवण करायची. नाचणीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी गेले तेव्हा ती गळ्यात शिट्टी अडकवून काठावर उभी होती आणि एका मोठ्या माणसाला, जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही म्हणून खडसावत होती. त्या दोन दिवसांत मला जुनी मंजुळा दिसली. माणसं आली की ती फुलायची. कुणी लालबाग-परळचं आहे का, हे ती प्रत्येक गाडीला विचारायची.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात उत्तमला आमच्या इस्पितळात आणलं. दम त्याला आधीपासून होता, गिरणीत कापसाच्या धुळीत काम केलेल्या बऱ्याच जणांना असतो. त्यात छातीत पाणी झालं. मी मंजुळाला फोन लावला. बोट क्लबच्या कचेरीत तेवढा एकच फोन होता. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि मग महिनाभर वॉर्डातल्या बाकावर बसली.

इतक्या वर्षांत ती दोघं एवढा वेळ जवळ नव्हती. ती त्याला पाजायची, पुसायची, आणि बोलायची. गावातल्या म्हशींपासून तंबूतल्या माणसांपर्यंत सगळं सांगायची. तो डोळे मिटून ऐकायचा. एका दुपारी मी सलाईन बदलत होते. तो आपणहून म्हणाला, "मंजे, तू विचारलं नाहीस, मी का आलो नाही तिकडं."

"मिलचं म्हणाला होतात."

"ते होतंच." तो दम खायला थांबला. "मला ते पाणी बघवत नाही. मी आठ वर्षांचा होतो. रोज सकाळी जाऊन बघायचो, कुठवर आलंय. आधी रान गेलं. मग देऊळ. मग आमचा गोठा. बा उंबऱ्यावर बसून राहिला, पाणी पायाला लागलं तरी उठेना. त्याला चौघांनी उचलला."

मंजुळा त्याच्या हातावर हात ठेवून बसली होती. तिनं हात काढला नाही. फक्त विचारलं, "मग मला पाठवताना हे आठवलं नव्हतं?"

त्याच्या डोळ्याच्या कडेतून पाणी आलं ते तिनं पुसलं. संध्याकाळी तो म्हणाला, "मला तिकडं नेऊ नका." आठवडाभरानं तो गेला.

सुनेत्रा तोवर लग्न होऊन डोंबिवलीला होती. ती आणि तिचा नवरा जगदीश धावत आले. गाळ्यातली उरलेली माणसं म्हणाली, गावी न्यायला हवं, भावकी आहे, दहावं तिथंच व्हायला हवं. गाडी ठरवायची बोलणी सुरू झाली. मंजुळानं सांगितलं, "त्यांनी नको म्हटलंय." कुणाला पटलं नाही. एक जण तिला म्हणाला, "सरपंचबाई, गावाला काय सांगणार?" ती म्हणाली, "मी सांगते गावाला." उत्तमला शिवडीच्या स्मशानात अग्नी दिला आणि अस्थी बाणगंगेवर सोडल्या. परत येताना गाडी लालबागवरून आली. आमची चाळ तेव्हा पुनर्बांधणीसाठी पाडलेली होती आणि आम्ही चाळकरी जवळच्याच संक्रमण शिबिरात, तात्पुरत्या खोल्यांत राहत होतो. पत्र्याच्या कुंपणापाशी तिनं गाडी थांबवायला सांगितली नाही. मान वळवून बघितलं, एवढंच.

सुनेत्रानं तिला डोंबिवलीला नेलं. "आता तिकडं तुझं कोण आहे?" असं तिचं म्हणणं होतं, आणि खरंच होतं. मलाही वाटलं, बरं झालं. एवढी वर्षं जिला माणसांत यायचं होतं, ती आली. मी महिन्यानं भेटायला गेले तेव्हा ती बंद दाराआड टीव्हीसमोर बसली होती. लेक-जावई कामाला, नात शाळेत. शेजारच्या दारांवर जाळीचे दुसरे दरवाजे.

"इथं पण कुणी बोलत नाही गं," ती मला म्हणाली. "मी बेल वाजवून बघितली दोन घरांत. काय पाहिजे म्हणतात."

"लालबागला ये, माझ्याकडे. आई गेल्यापासून मी एकटीच आहे."

ती आली. दोन आठवडे राहिली. आम्ही मार्केटात गेलो, मसाल्याच्या दुकानात गेलो. तिथं यंत्रं होती, गल्ल्यावर जुन्या मालकाचा नातू होता. ओळखीचं माणूस म्हणावं तर एक फुलवाली निघाली, तिलाही नीट आठवेना. शेवटच्या दिवशी मंजुळा मला म्हणाली, "मी ज्यांच्यात यायचं म्हणत होते ती माणसं तू एकटीच राहिलीस. तुझ्यासाठी राहिले असते. पण तू दिवसभर इस्पितळात, आणि तिकडं गंगुबाईला दिसत नाही. तिची सून पोरं घेऊन कधीचीच इकडं मुंबईला आली, नर्सबाई तरी किती दिवस बघणार. मी नसले की तिला पाणी द्यायला कुणी नाही."

ती गेली. आता तिनं साठी ओलांडली आहे. सरपंचपद कधीचंच सुटलं, पण बोट क्लबवरची मुलं तिला विचारल्याशिवाय तंबू लावत नाहीत. शनिवारी लाँच भरून येते. ती पहाटेपासून भाकऱ्या थापते, नावं विचारते, कुठले, काय करता, मुलं किती. माणसं तिच्याशी आवडीनं बोलतात आणि जाताना म्हणतात, काय नशीबवान आहात आजी, इतक्या शांत जागी राहता. ती हसते आणि पुन्हा या म्हणते. रविवारी संध्याकाळी लाँच सुटते. ती धक्क्यावर उभी राहून हात हलवते, लाँच वळणाआड गेली तरी जरा वेळ उभी असते. मग वर येते, गंगुबाईला जेवू घालते आणि भांडी घासायला बसते.

मागच्या फोनवर मी तिला विचारलं, "आता सवय झाली असेल ना गं तुला, तिथल्या शांततेची?"

"नाही झाली," ती म्हणाली. "तू बोल. काहीही बोल, मी ऐकतेय."